कडप्प्याचा ओटा

बोट हवेत उचलली गेली आणि उजवीकडे कलली. फार नाही. बघणाऱ्याला वाटावं की क्रेनचा पट्टा जरा इकडेतिकडे झाला असेल, इतपतच. पण तिच्या पोटात काहीतरी घरंगळलं, ठण्णकन आपटलं, आणि खाली फाटकाशी उभ्या असलेल्या हणमंतरावांनी ते नेमकं ऐकलं. डबा असणार. त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, सकाळी पूजा आटोपल्यावर चहापत्तीचा डबा हौसेनं नेऊन बोटीतल्या नव्या ओट्यावर ठेवला होता. "बेल्ट सरक्या साब, कुछ नै," लतीफभाई ओरडला आणि क्रेनवाल्याला हात दाखवून म्हणाला, "हल्लू! हल्लू रे!" हा लतीफभाई अंबरपेठेत फायबरचे पत्रे आणि पाण्याच्या टाक्या करायचा. बोटीला त्यानं जन्मात पहिल्यांदा हात लावला होता, पण त्याचं 'कुछ नै' असं काही ठाम असायचं की हणमंतरावांना गेली दोन वर्षं जी काही झोप लागली ती त्या दोन शब्दांच्या भरवशावर. आज मात्र ते शब्द कानांवरून नुसते गेले. गच्च्यांवर माना उंचावून उभे असलेले शेजारी होते, मोबाइल वर धरून शूटिंग करणारे समोरच्या घरातले होते, हळदीकुंकवाचं ताट घेतलेल्या सुशीलाबाई होत्या, आणि या सगळ्या माणसांत एकट्या हणमंतरावांना कळलं होतं की पट्टा जिथल्या तिथंच आहे. बोट कलली ती ओट्यामुळे.

"डबा पडला वाटतं," सुशीलाबाई म्हणाल्या. "झाकण गच्च लावलंय मी. सांडायचं नाही."

हणमंतराव नुसते 'हूं' म्हणाले.

बोट ट्रेलरवर टेकली, दोऱ्या आवळल्या गेल्या, आणि जमिनीवर आल्याबरोबर ती पुन्हा अगदी गुणी लेकरासारखी सरळ बसली. जमिनीवर काय, सगळंच सरळ बसतं. खाली लाकडी ठोकळे असले की हत्तीलासुद्धा सरळ बसवता येईल. हणमंतरावांना हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात गेलेली. दुरुस्त झालेला डबा रुळांवर उभा केला की त्याचे चारही कोपरे जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत की नाहीत हे बघायचं आणि मग सही करायची, हेच त्यांचं काम. करंगळीएवढा फरक दिसला तरी ते डबा परत पाठवायचे. पोरसवदा इंजिनिअर तोंड वाकडं करून म्हणायचे, "सर, प्रवासी बसले की आपोआप ॲडजस्ट होतं." तेव्हा हणमंतरावांचा पारा चढायचा. "प्रवासी तुझ्या सोयीनं बसतात का रे?" असा त्यांचा ठरलेला सवाल असायचा. आणि हा असला माणूस. या माणसानं पाण्यावर चालायच्या बोटीत, एका अंगाला, चांगला जाडजूड कडप्पा बसवला. नुसता वरचा दगड नाही. खाली उभ्या आधाराला कडप्पा, आत दोन फळ्या त्याही कडप्प्याच्या. लाज वाटायला हवी होती. वाटतच होती, पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यांच्यात फार अंतर असतं.

ट्रेलर पुढे निघाला, मागोमाग त्यांची गाडी. गाडी हणमंतराव चालवत होते, शेजारी सुशीलाबाई मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन बसल्या होत्या, मागच्या सीटवर दोन भगव्या रंगाची लाइफ जॅकेटं. त्या जॅकेटांकडे आरशातून सारखं लक्ष जात होतं. सुशीलाबाईंना पोहता येत नव्हतं. येणार कुठून, माहेर उदगीरचं, विहिरीवरून पाणी आणलं तेवढाच पाण्याशी संबंध. लग्नानंतर एकदा बासरला गोदावरीत स्नानाला उतरल्या तर गुडघ्याएवढ्या पाण्यात हणमंतरावांचा दंड असा धरला होता की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते. त्या दंडाला आता, अंबरपेठेच्या गर्दीत, स्टिअरिंग धरल्या धरल्या मुंग्या आल्या. समोर ट्रेलरवरची बोट सिग्नलला थांबली आणि तिच्या दोन्ही गोल खिडक्यांत सगळी अंबरपेठ दिसायला लागली. भाजीच्या गाड्या, ऑटो, बुरखा घेतलेली स्कूटरवरची बाई, सगळे त्या काचांत वाकडे आणि छोटे होऊन सरकत होते. एक रिक्षावाला मान बाहेर काढून ओरडला, "कां ले जारे जी? समंदर किधर है इधर?" लोक हसले. सुशीलाबाई पण हसल्या. हणमंतरावांना त्या हसण्याचा राग आला आणि मग राग आल्याचाही राग आला.

समंदर नव्हता. समुद्रासाठी त्यांनी बोट घेतलीच नव्हती. निवृत्तीनंतर एकदा अनिलबरोबर, म्हणजे कारखान्यातल्या जुन्या सोबत्याबरोबर, ते एका बंद पडलेल्या रिसॉर्टवर गेले होते. अनिलला तिथलं भंगार बघायचं होतं. शेडच्या मागे, काटेरी वेलींत रुतलेली ही बोट पडली होती. लांबीला फार तर एखादा टेम्पो, पुढे टोकाकडे बुटकं केबिन, मागे बसायला उघडी जागा, रंग कधीकाळी पांढरा असावा. केबिनमध्ये एका कुत्रीनं पिल्लं घातलेली होती. पिल्लं बघायला म्हणून हणमंतराव गुडघ्यांवर आत शिरले आणि त्यांच्यामागे तो छोटा दरवाजा आपोआप ओढला गेला. आणि आवाज बंद झाले. अनिलचं बोलणं, रस्त्यावरचे हॉर्न, त्यांच्या स्वतःच्या डोक्यातली कटकट, सगळं. कुत्री गुरगुरली आणि गप्प झाली. गोल काचेतून हिरवा उजेड येत होता. हणमंतराव तिथं किती वेळ बसले कुणास ठाऊक, पण अनिलनं बाहेरून थाप मारली तेव्हा त्यांना रडूच आलं. एवढा मोठा माणूस, नातवंडांचा आजोबा, आणि डोळे पुसत बाहेर आला. "धूळ गेली," असं अनिलला सांगितलं.

घरी काही दुःख होतं असं म्हणावं तर तसं काहीच नव्हतं. सुशीलाबाईंनी काही वाईट केलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण त्या बिचाऱ्या सकाळी चहा, दहाला ताक, दुपारी पान वाढून "अहो, ऐकलंत का" म्हणायच्या, आणि त्या 'ऐकलंत का'मध्ये आक्षेप घेण्यासारखं काय होतं? गॅस आलाय. प्रियदर्शिनीचा फोन होता. नळाला पाणी बारीक आहे. वरच्या मजल्यावरच्यांनी नवा कुत्रा आणलाय. कारखान्यात त्यांना एक काचेची खोली होती. दुपारच्या जेवणानंतर तासभर तिथं कुणी यायचं नाही, नुसते लांबून डबे सरकल्याचे आवाज. नोकरी सुटली तेव्हा हार, शाल, नारळ मिळाला आणि ती खोली गेली. हे बायकोला कसं सांगायचं? 'मला तुझ्यापासून जरा लांब बसायचंय' हे वाक्य मनात म्हटलं तरी किती दुष्ट वाटायचं. म्हणून त्यांनी ते म्हटलंच नाही. त्याऐवजी बोट घेतली. घराशेजारच्या बोळवजा मोकळ्या जागेत आणून ठोकळ्यांवर चढवली, वर निळी ताडपत्री घातली, आणि जगाला सांगितलं की हा छंद आहे.

छंद मात्र खराच लागला, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी अंगात जुना शर्ट चढवून ते ताडपत्रीखाली शिरायचे ते हाका येईपर्यंत. हातात एक रुपयाचं नाणं घेऊन सगळी बोट इंच इंच वाजवून बघायची: जिथं फायबर धड असेल तिथं टणटण वाजायचं, जिथं आतलं प्लायवूड कुजलं असेल तिथं बद्द. पहिल्याच दिवशी तळावर बद्द आवाज आला, त्यांनी अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. बरं वाटलं! दोष सापडला की हणमंतरावांना नेहमीच बरं वाटायचं. लतीफभाईनं वरचा थर कापून काढला, खालून चहाच्या चोथ्यासारखं काळं ओलं लाकूड निघालं, ते दोघांनी मुठींनी उपसलं. मग नवं प्लायवूड, त्यावर काचेच्या धाग्यांच्या चटया, त्यावर रेझिनचा चिकट लेप. त्या रेझिनचा वास इतका उग्र की सुशीलाबाई शर्ट घरात आणू द्यायच्या नाहीत; बाहेर पेरूच्या झाडाला टांगायचा. गोल खिडक्यांचं चिरलेलं रबर बदललं, पितळी बिजागऱ्या चिंच लावून घासल्या, नारायणगुड्याच्या एका दुकानातून फोम आणि निळं रेक्झिन आणलं, मागे नवं इंजिन लटकवलं. केबिनची जुनी, मोडकी बाकं उखडून टाकली आणि रिकाम्या जमिनीवर एके दिवशी खडूनं नकाशा काढला. डाव्या हाताला एक झोपायचं बाक. एक. खिडकीशी दुमडणारं छोटं टेबल, एक दिवा, एक स्टोव्ह ठेवायला फळी. काढून झाल्यावर ते त्या खडूच्या बाकावर, म्हणजे जमिनीवरच, आडवे झाले आणि पाय लांब करून बघितले. मावत होते. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन सुशीलाबाई शिडीवरून वर आल्या. हणमंतराव धडपडून उठले. त्या खडूच्या रेघांमध्ये उभ्या राहिल्या, खाली बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. डाव्या बाजूच्या त्या एकट्या बाकावर त्यांची नजर जरा जास्तच थांबली असं हणमंतरावांना वाटलं आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आता विचारणार. 'आणि मी कुठं निजू?' असं विचारणार, आणि आपल्याला उत्तर द्यावं लागणार. पण सुशीलाबाईंनी ते विचारलंच नाही. "ओटा कुठं आहे?" असं विचारलं.

"ओटा?"

"हौ. स्वैपाकाला ओटा नक्को का? नुसत्या फळीवर काय करणार?" मग उजव्या बाजूला जाऊन त्यांनी कमरेशी हात आडवा धरला. "माझ्या मापाचा. घरचा ओटा बिल्डरनं इतका उंच केलाय, खांदा भरून येतो माझा. रेल्वे क्वार्टरात होता तो तर मोरीएवढा खाली. इथं एकदा तरी माझ्या मापाचा करा."

"करू या," हणमंतराव म्हणाले.

"कडप्प्याचा?"

"करू या."

"खाली डबे ठेवायला फळ्या? त्याही कडप्प्याच्या म्हणजे ओल लागायची नाही."

"करू या की!"

सुशीलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. बराच वेळ. हणमंतरावांना वाटलं, आनंद झाला असेल. सुटलो असं वाटून त्यांनी चहा घटाघटा पिऊन टाकला, जीभसुद्धा पोळली. त्या क्षणी त्यांना दगडाचं वजन आठवलं नव्हतं असं मुळीच नाही. कारखान्यातला तो जुना हणमंतराव आत कुठंतरी बसून बोंबलत होता की अरे, दगड! एका अंगाला! पण त्या एका बाकाची भरपाई करायची होती ना. बायकोला न विचारता एकट्याचं घर आखलं होतं, मग निदान तिला तिचा ओटा तरी द्यावा. दगड आला तेव्हा तो चढवायला चार माणसं लागली. लतीफभाई घाम पुसत म्हणाला, "साब, ये कश्ती है की किचन है?" आणि मग लगेच, "खैर, कुछ नै."

त्यानंतर मात्र हणमंतरावांच्या मागे जे लागलं ते आजतागायत सुटलेलं नव्हतं. त्यांनी बॅटऱ्या डावीकडे हलवल्या. पाण्याची टाकी डावीकडे, बाकाखाली बसवली. नांगर डावीकडे, अवजारांची पेटी डावीकडे. सुशीलाबाईंनी विचारलं, "सगळं एकाच बाजूला कशाला कोंबताय?" तर म्हणाले, "सोय असते." रात्री अंथरुणावर पडलं की पंख्याच्या खाली बोट तरंगायला लागायची. आधी सरळ. मग हळूच उजवीकडे. ओट्याशी सुशीलाबाई उभ्या, पातेल्यात दूध. दूध एका काठाशी चढतंय, चढतंय, आणि त्यांना ते कळतच नाही, त्या आपल्या चमचा शोधताहेत. हणमंतराव दचकून उठायचे. शेजारी सुशीलाबाई शांत घोरत असायच्या. कितीदा ठरवलं की उद्या सांगू. 'अगं, दगड काढावा लागतो, स्टीलचा करू' एवढंच तर वाक्य. पण त्याच्या पाठोपाठ तिचा प्रश्न येणार: मग तेव्हा हो कशाला म्हणालात? आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर खडूच्या त्या एका बाकापर्यंत जावं लागणार होतं. उद्या सांगू करत करत पॉलिश झालं, पडदे लागले, ओट्यामागे छोट्या टाइल्स लागल्या, आणि टाइल्स लागल्यावर तर काय, विषयच संपला.

शहर मागे पडलं. रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना खडक आणि कपाशीची शेतं. प्रियदर्शिनीचा फोन आला, म्हणजे त्यांच्या लेकीचा, कोंडापूरहून. सुशीलाबाईंनी स्पीकरवर टाकला. "बाबा, लॉन्चचा व्हिडिओ पाठवा हं, प्लीज! आणि आईला जॅकेट घालायला लावा, ती साडीवर नको म्हणेल."

"घालीन ग बाई."

"बाबा, तुम्ही का बोलत नाही? टेन्शन आलंय का?"

"गाडी चालवतोय," हणमंतराव म्हणाले.

"टेन्शन आलंय त्यांना," सुशीलाबाई फोनला म्हणाल्या. "सकाळपासून घास उतरला नाही. बोट हवेत डुगडुगली ना जरा, तेव्हापासून." हणमंतरावांनी झटकन त्यांच्याकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी दशमीचा तुकडा चटणीत बुडवून न विचारता त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी तो खाल्ला. चटणी बरोबर त्यांना आवडते तशी होती, लसूण जास्त, आणि त्यांना एकदम इतकं अपराधी वाटलं की गाडी बाजूला घ्यावी आणि आत्ताच्या आत्ता सगळं सांगून टाकावं असं झालं. समोर ट्रेलर एका खड्ड्यातून गेला. बोट गचकली. तोंडातला घास तसाच ठेवून ते बघत राहिले, आणि सांगायचं राहून गेलं.

कृष्णेच्या धरणाचं फुगलेलं पाणी एका गावाशी उतारापर्यंत येतं. तिथं मासेमाऱ्यांच्या होड्या उतरवायला सिमेंटचा उतरता रस्ता केलेला होता. ऊन कडक, पाणी हिरवट आणि इतकं निवांत की त्याच्याकडे बघून हणमंतरावांना जास्तच भीती वाटली. लतीफभाईनं आरडाओरडा करून ट्रेलर उलटा पाण्यात घालायला लावला. त्याआधी हणमंतरावांनी हट्टानं डावीकडची टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली होती. सुशीलाबाईंनी बोटीच्या नाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला, साडीवर ते भगवं जॅकेट चढवलं आणि हाताची घडी घालून काठावर उभ्या राहिल्या. दोरी सुटली. बोट घसरली, पाण्यात शिरली, पाठीमागून एक लाट उठली आणि विरली. आणि बोट तरंगली. सरळ! अगदी सरळ! हणमंतरावांना आधी खरंच वाटेना. त्यांनी डोळे बारीक करून पाण्याची रेघ बघितली, इकडची बघितली, पलीकडे पळत जाऊन तिकडची बघितली. करंगळीएवढासुद्धा फरक नाही. "बोल्या था ना साब, कुछ नै!" लतीफभाई टाळ्या वाजवत होता. हणमंतरावांनी त्याला मिठीच मारली. इतक्या रात्रींची झोप फुकट घालवली आपण! टाकीनं काम केलं होतं. बॅटऱ्यांनी काम केलं होतं. काही सांगायची गरजच उरली नव्हती; ओटा राहील, टाइल्स राहतील, सगळं मनातल्या मनात मिटेल. लतीफभाई आणि ट्रेलरवाला ट्रेलर सावलीत लावून चहा शोधायला गावात गेले. हणमंतराव काठावरून टाकलेल्या फळीवरून, तिशीतल्या माणसाच्या चालीनं, बोटीत चढले आणि स्टिअरिंगपाशी जाऊन बसले.

स्टिअरिंग उजव्या बाजूला होतं. बोट उजवीकडे कलली.

केबिनमधून तो चहापत्तीचा डबा घरंगळल्याचा आवाज आला. ठण्ण. हणमंतराव तसेच थिजून बसले. मग हळूच उठून मधे उभे राहिले, बोट वर आली. पुन्हा बसले, पुन्हा कलली. बोटीच्या उजव्या काठापासून पाणी आता वीतभर खाली राहिलं होतं. हिशेबात बॅटऱ्या धरल्या होत्या, टाकी धरली होती, नांगर, पाने, पक्कड, सगळं सगळं धरलं होतं. स्वतःला धरलं नव्हतं. एकट्यानं निवांत जायचं म्हणून जी बोट घेतली ती त्यांना एकट्याला चालवता येणार नव्हती.

"येऊ का मी?" सुशीलाबाईंनी काठावरून विचारलं.

"थांब!" ते ओरडले. मग घसा खाकरून म्हणाले, "थांब जरा. ओटा काढावा लागेल."

"काय?"

"ओटा काढावा लागेल, सुशीला. जड आहे. दगड आहे तो. बोटीत कुणी दगड घालतं का? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

सुशीलाबाई फळीच्या टोकाशी आल्या. हातात नारळाची अर्धी कवड तशीच. "ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?"

हा तोच प्रश्न. दोन वर्षं ज्याच्यासाठी ते बोळातून, ताडपत्रीखालून, अंथरुणातून पळत होते तो इथं, लख्ख उन्हात, फळीवर येऊन उभा होता. हणमंतरावांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी ही एकट्यासाठी घेतली होती. मला एकट्याला बसायचं होतं कुठंतरी. तुझं काही चुकलं म्हणून नाही. तुला सांगता येईना. तू ओटा मागितलास तेव्हा वाटलं, निदान एवढं तरी..."

सुशीलाबाईंच्या जॅकेटचा पट्टा सुटून लोंबत होता. "ते ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही ओट्याला हो म्हणालात ना, तेव्हापासून." त्यांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत मी काही मागितलं आणि तुम्ही एका दमात हो म्हणालात, असं कधी झालंय का हो? साधे पडदे मागितले तर आठवडाभर कुरकुर. घरात मिक्सर आणायचा तर भांडण. आणि त्या दिवशी आपलं करू या! कडप्पा? करू या. फळ्या? करू या की! दगड जड असतो एवढं मला कळत नाही का? मी म्हटलं, आता तरी नाही म्हणतील. ओरडतील, वेडी झालीस का म्हणतील. मग मीपण विचारीन त्या एका बाकाचं, भांडू, मिटेल. तुम्ही आपले हो हो करत राहिलात. घाबरले हो मी. म्हटलं, हा माणूस मनातून गेला की काय निघून. मला पत्र्याचासुद्धा चालला असता ओटा."

त्यांनी कवड पाण्यात टाकली, पदर खोचला आणि हणमंतराव 'अगं, अगं' म्हणेपर्यंत फळीवर पाऊल ठेवलं. फळी लवली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, दोन्ही हात हवेत. हणमंतरावांना उठून हात द्यायचा होता, पण ते उठले तर बोट हलेल आणि फळी सरकेल, म्हणून ते तसेच बसून राहिले, घामानं निथळत. सुशीलाबाई बोटीत उतरल्या. उजवीकडे बघितलंही नाही. डावीकडे जाऊन त्या बोटीच्या कडेच्या बैठकीवर, हणमंतरावांच्या बरोब्बर समोर बसल्या आणि बसल्यावर डोळे मिटून घेतले. बोट सावकाश, काही विशेष न घडल्यासारखी, वर आली.

"आता?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"आता सरळ आहे."

"मग चालवा की."

हणमंतरावांनी इंजिन चालू केलं. पहिल्यांदा खोकलं, मग लागलं. काठ मागे सरकायला लागला. गाव, होड्या, ट्रेलर, हातात कप घेऊन धावत येणारा लतीफभाई, सगळं लहान होत गेलं. पाणी दोन्ही अंगांना सारखंच फाटत होतं. हणमंतरावांचं लक्ष मात्र त्यात नव्हतं. ते समोर बसलेल्या बाईकडे बघत होते. दोन्ही मुठींनी काठ धरलेला, पायांची बोटं आवळलेली, भगव्या जॅकेटातून पदराचं टोक बाहेर आलेलं. हिची आपल्याला इतकी वर्षं सवय आहे, आणि ही रोज रात्री शेजारी घोरत होती तेव्हा खरंच झोपलेली होती का, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती. आता ती दगडाची नव्हती.

बरंच आत आल्यावर सुशीलाबाईंनी मुठी सैल केल्या. इकडेतिकडे बघितलं. "चांगलं आहे की," म्हणाल्या. मग सवयीनं, जशा घरी उठतात तशा, गुडघ्यांवर हात टेकून त्या उठायला लागल्या. "चहा ठेवते मी. डबा कुठं जाऊन पडलाय कुणास ठाऊक."

बोट उजवीकडे झुकायला लागली.

"नको!" हणमंतराव म्हणाले. ते इतक्या जोरात म्हणाले की त्यांचे तेच दचकले. "नाही. उठायचं नाही. तू बस तिथंच."

सुशीलाबाई अर्ध्या उठलेल्या तशाच थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, त्या दिवशी खडूच्या रेघांत उभ्या राहून बघितलं होतं तसंच, बराच वेळ. मग खाली बसल्या. बोट सरळ झाली.

"म्हणता येतं की मग," त्या म्हणाल्या आणि पदराच्या टोकानं त्यांनी नाक पुसलं.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "चहा मग काठाला लागल्यावर करते." हणमंतरावांनी मान हलवली.